जेएनपीए ते चाकण विनाचालक ट्रेलर: द्रुतगती मार्गावर परवानगी द्यावी का?

उरणफाटा:
ऑरोरा कंपनीने २०२५ च्या एप्रिलअखेर टेक्सासात डॅलस-ह्यूस्टन मार्गावर केबिनमध्ये ड्रायव्हर नसलेला ट्रक भाड्याने माल वाहायला उतरवला. आपल्याकडे हा विषय काढला की 'आधी खड्डे बुजवा' म्हणून लोक मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा कळंबोली ते किवळे हा ९४.५ किमीचा पट्टा अशा ट्रकला देण्याजोगा आहे. समोरून वाहन येत नाही, दुचाकी-रिक्षांना बंदी आहे. जेएनपीए म्हणजे न्हावा शेवा बंदरातून कळंबोलीपर्यंत माणसानेच गाडी आणावी, तिथल्या यार्डात ट्रेलर सोडावा, पुढे विनाचालक हॉर्सने (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीने) ओढावा, किवळ्याहून चाकणपर्यंत पुन्हा माणूस. ड्रायव्हरसाठी कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. ती कोण पाळतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे साडेतीनला डुलकी न लागणारं यंत्र रस्त्यावर असेल तर मला चालेल.

तळोजा_ट्रान्सपोर्ट:
दादा, हिशोब मांडून बघा. डॅलस-ह्यूस्टन जवळपास ३८५ किमी आहे. तुमचा पट्टा ९४.५. त्यासाठी दोन ठिकाणी हॉर्स बदलायचा: लँडिंग लेग (ट्रेलरचे टेकू) खाली, हवेचे पाइप आणि वायर काढा, किंग पिन (जोडणीचा खिळा) सोडवा, दुसरा हॉर्स लावा, पुन्हा हवा भरेपर्यंत थांबा, दिवे आणि ब्रेक तपासा. वर दोन यार्डांचं भाडं. आपल्या भाड्यात डिझेल आणि टोलचा वाटा मोठा, ड्रायव्हरचा पगार-भत्ता त्यामानाने थोडा. अमेरिकेत उलट आहे, म्हणून तिथे हा उद्योग सुचला. शिवाय आपल्या ट्रेलरचा वेळ घाटात जात नाही, तो जातो फॉर्म १३ (बंदरात शिरायचा कागद) साठी, गेटच्या रांगेत, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) आणि रिकामा कंटेनर परत घ्यायला यार्ड तयार होईपर्यंत. तिथे लायडार (लेझरने समोरचं बघणारा सेन्सर) काय करणार?

उरणफाटा:
९४ किमीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची बंदराकडची शाखा बदलापूर-मोरबे बाजूने येते आहे. ती पूर्ण झाली की न्हावा शेवा ते वडोदरा हा सलग, ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा रस्ता होईल. तेव्हा अंतर हिशोबात बसेल.

तळोजा_ट्रान्सपोर्ट:
आणि त्याच दिशेला दादरी ते न्हावा शेवा अशी १,५०६ किमीची मालवाहू रेल्वे आखली आहे, एकावर एक दोन कंटेनर नेणारी. लांबचा माल रुळावर जाईल, जवळचा तुम्हाला परवडणार नाही. मधलं किती उरतं?

ब्रेक_लायनर:
दोघेही सपाटीवर भांडताय. परतीचा बोरघाट बघा. ४५ टनांची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर खाली येते. ती सगळी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. पंधरा मिनिटांच्या उतारात ती सरासरी २०० किलोवॅटच्या घरात जाते, आणि इंजिनाने ती धरली नाही तर सगळी चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणारं लायनर त्याच्यापासून लांब जातं, ब्रेक ढकलणाऱ्या दांड्याची (पुशरॉडची) चाल संपते. पॅडल दाबलं जातं, पकड नसते. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलेल्या गाडीचं हेच होतं. वर सारखं पॅडल पंप केलं की कॉम्प्रेसर हवा भरण्याआधी टाकी उतरते, मग मागचे स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने लागणारे) आपोआप लागू लागतात, तेही तापलेल्या ड्रमवर.

इथे यंत्राच्या बाजूने एक मुद्दा आहे: ते न्यूट्रल टाकणार नाही. उताराच्या आधीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावेल, ते प्रोग्रॅममध्ये घालता येतं. पण सगळी हुशारी हॉर्सवर आहे आणि ट्रेलर दुसऱ्याच मालकाचा. जुन्या ट्रेलरला एबीएससुद्धा नसतं. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधलं ढिलेपण काढणारा भाग) कधी फिरवला हे हॉर्सला कळत नाही. जोडटायरमधला आतला टायर बसला तर वरून दिसत नाही. ड्रायव्हर टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून बघतो, बद्द आवाज आला की ओळखतो. न ओळखल्यास तो टायर बाहेरच्याला घासून तापतो आणि पेट घेतो. म्हणजे प्रत्येक ट्रेलरला टायरप्रेशर आणि ड्रमच्या तापमानाचे सेन्सर हवेत. कळंबोलीच्या यार्डातले किती ट्रेलरमालक स्वतःच्या खिशातून ते बसवतील?

कलम_१६६:
कायद्याचं थोडं. 'गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्येच नाही म्हटलंय' असं कुणी लिहिण्याआधी सांगते: ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून विनाचालक गाड्या येऊ देणार नाही हे ते म्हणाले, पण ते धोरण झालं, कायदा नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २ब आलं आहे. त्याखाली संशोधन आणि नव्या तंत्रासाठी केंद्र काही वाहनांना कायद्यातून सूट देऊ शकतं. तेव्हा वाट कायद्यातच आहे.

नुकसानभरपाई मला अवघड वाटत नाही. कलम १६४ मध्ये कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात, मालक आणि विमा कंपनी बांधील. अडतं ते कलम १३४ वर, अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. केबिन रिकामी असेल तर ते कोण करणार? आणि निष्काळजीपणे मृत्यूसाठी न्याय संहितेचं १०६(१) कुणावर लावायचं? कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या मुलावर? जानेवारी २०२४ च्या संपानंतर १०६(२), म्हणजे धडक देऊन पळणाऱ्या ड्रायव्हरला जास्त शिक्षेचं कलम, थांबवून ठेवलं गेलं, ड्रायव्हर एकत्र होते म्हणून. सॉफ्टवेअर लिहिणारे चक्का जाम करणार नाहीत.

घाटमाथा:
पावसाचं कुणीच बोललं नाही. ताशी ८० वर गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. भिजल्या रस्त्यावर भरलेला ट्रेलर थांबवायला साधारण ७० मीटर लागतात, निर्णयाचा वेळ वेगळा. म्हणजे जुलैत पुढच्या टँकरच्या फवाऱ्यातून शंभर मीटर पलीकडचं दिसायला हवं. लायडारला थेंबच अडथळे वाटतात. रडार पाण्यातून बघतं, पण साध्या रडारवर स्थिर वस्तू गाळल्या जातात, नाहीतर प्रत्येक पूल आणि फलकाला गाडी ब्रेक मारेल. आणि आपल्याकडे धोका नेमका स्थिर वस्तूचा आहे: बिनदिव्याचा, कडेला अर्धा लेनमध्ये उभा असलेला ट्रेलर.

उरणफाटा:
म्हणून तर परवानगी हवामान बघून द्यायची. मुसळधार असेल तर गाडी यार्डातच. शिवाय ऑरोराचं लायडार वस्तूचा वेगही मोजतं, त्यामुळे थेंब आणि गाडी वेगळी काढणं सोपं जातं.

घाटमाथा:
चार महिने 'आज गाडी नाही' ऐकून कोणता कारखानदार करार करेल? आणि गाडी मध्येच बंद पडली तर? अमेरिकेत दहा मिनिटांत तीन धोक्याचे त्रिकोण मागे ठेवणं बंधनकारक आहे. रिकाम्या केबिनमधून ते ठेवता येत नाहीत म्हणून केबिनवरच्या दिव्यांची मुभा मागितली, ती डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. मे २०२५ मध्ये तर ट्रक बनवणाऱ्या पॅकारच्या विनंतीवरून ऑरोराने सीटवर माणूस परत बसवला. तिथले रस्ते तर सपाट आणि सरळ आहेत.

उरणफाटा:
माणूस बसवला तो निरीक्षक म्हणून, चालवायला नाही. चाचणी तशीच सुरू होते. मीही इथे तेच म्हणतोय: ऑक्टोबर ते मे, रात्री, फक्त कळंबोली ते खालापूर, लायसन्सवाला माणूस सीटवर, मागे एस्कॉर्ट जीप, त्यातच त्रिकोण आणि प्रथमोपचार. घाट पहिल्या टप्प्यात नकोच.

तळोजा_ट्रान्सपोर्ट:
म्हणजे एका ड्रायव्हरच्या जागी सीटवर एक, जीपमध्ये दोन, आणि नियंत्रण कक्षात आणखी एक. भाडं कोण भरणार तेवढं लिहा, मग मी माझा ट्रेलर देतो.