शलमोनाच्या राजवाड्याची तेरा वर्षे : तरुणांना यातून काय सांगावे?

प्रश्न (खानापूर)
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या तरुण संघात येत्या रविवारी मला बायबलमधील १ राजे ७:१ या वचनावर बोलायचे आहे. इस्राएलचा राजा शलमोन याने तेरा वर्षे खपून आपला राजवाडा पुरा केला, एवढेच त्यात आहे. संघातील बरीच मुले नोकरीच्या शोधात आहेत, काही स्पर्धा परीक्षेला पुन्हा बसणारी आहेत, आणि 'धीर धर' हे त्यांना घरी रोजच ऐकावे लागते. पैसा आणि माणसे दोन्ही हाताशी असलेल्या राजाकडून त्यांनी चिकाटीचे नेमके काय घ्यावे?

उत्तर (निपाणी)
ताई, हे वचन सुटे वाचू नये. त्याच्या लगेच आधी, ६:३८ मध्ये, त्यानेच बांधलेल्या देवाच्या मंदिराला सात वर्षे लागल्याचे लिहिले आहे, आणि त्यावरून शलमोनाला देवापेक्षा स्वतःच्या घराची ओढ अधिक होती असे अनेक जण सांगतात. मला ते अर्धेच पटते, कारण मंदिरासाठी त्याचे वडील दावीद यांनी लोखंड, पितळ आणि गंधसरूचे लाकूड आधीच साठवून ठेवले होते (१ इतिहास २२), तर राजवाड्यासाठी अशी तयारी असल्याचा उल्लेख नाही. मागच्या पिढीने जमवून दिलेल्यांच्या वेगाशी आपला वेग ताडून खचू नये, एवढे मुलांना नक्की सांगता येईल.

उत्तर (बेळगाव, गवंडीकाम)
६:७ अवश्य घ्यावे. मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणले, त्यामुळे बांधकामाच्या जागी हातोड्याचा किंवा कुऱ्हाडीचा आवाज झाला नाही. आपल्याकडचा जांभा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा-ऊन लागल्यावर घट्ट होतो, म्हणून तो तेथेच मापात ताशून घेतलेला बरा, पण तेवढे दिवस भिंत एक थरही चढत नाही आणि घरमालक "काम बंद आहे काय हो?" म्हणून विचारत राहतो. राजवाड्याच्या पायात तर आठ-आठ, दहा-दहा हातांचे दगड होते (७:१०).

उत्तर (चिक्कोडी)
राजाची चिकाटी म्हणताना ती कोणाच्या पाठीवर उभी होती हेही सांगावे. शलमोनाने ३०,००० इस्राएली वेठीला धरले होते (५:१३). त्याच्या मृत्यूनंतर लोक त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे गेले आणि "तुमच्या बापाने लादलेले जू हलके करा" अशी विनवणी त्यांनी केली (१२:४). त्याने ती धुडकावली आणि राज्य फुटले. हे गाळून केलेला बोध मुलांना पोकळ वाटेल, कारण त्यांतील काहींचे वडील दुसऱ्यांच्याच इमारतींवर रोजंदारी करतात.

प्रश्न विचारणारी
सर्वांचे आभार. चिऱ्याचे उदाहरण घेईन आणि १२:४ सुद्धा वाचून दाखवीन. ५:१४ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली : वेठीला धरलेली ती ३०,००० माणसे दहा-दहा हजारांच्या पाळीने एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी राहत. वेठ ती वेठच, तरी त्यांतील कोणाला सलग जुंपले नव्हते, आणि रात्र-रात्र जागून अभ्यास करणाऱ्यांसमोर मला आधी हेच मांडावेसे वाटते.