मदतीची जाहिरात आणि मदत घेणाऱ्याचा चेहरा

प्रश्न

नमस्कार. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीत मी आहे. एका कंपनीने आमच्या सर्व मुलांना दप्तरे मोफत देण्याची तयारी दाखवली आहे. दप्तरे चांगल्या प्रतीची आहेत आणि मुलांना त्यांची खरोखरच गरज आहे. मात्र वाटपाचे चित्रीकरण करून ते जाहिरातीत वापरू द्यावे, अशी कंपनीची अट आहे. पूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वाटपात जे पाहिले, ते अजून मनातून गेलेले नाही. एका मुलीने दप्तर मिळताच छातीशी घट्ट धरले, तर छायाचित्रकाराने तिला ते पाहुण्यांना परत द्यायला लावले आणि छापलेले नाव कॅमेऱ्याकडे येईल अशा बेताने पुन्हा घ्यायला सांगितले. तिचा चेहरा पार उतरला होता. नकार दिला तर मुलांचे नुकसान आणि होकार दिला तर मुलांचा वापर, अशा पेचात आम्ही सापडलो आहोत. कंपनीने दानातून प्रसिद्धी मिळवणे मुळातच गैर मानावे, की आक्षेप केवळ पद्धतीला असावा?

प्रतिसाद १

प्रसिद्धीची इच्छा आहे एवढ्यावरून दान खोटे ठरत नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये, ही कसोटी व्यक्तीच्या दानाला शोभते. कंपनीचा पैसा भागधारकांचा असल्यामुळे तो खर्च करताना कंपनीचे हित पाहणे व्यवस्थापनाला भागच असते. १९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देण्याचे जाहीर केले. कार्डाचा वापर वाढावा हा हेतू उघड होता, कोणापासून लपवलेला नव्हता, आणि त्यातून सुमारे १७ लाख डॉलर उभे राहिले. दात्याचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून ही रक्कम नाकारली असती, तर कोणाचे भले झाले असते? माझ्या मते आपण दप्तरे स्वीकारावीत.

प्रतिसाद २

वरच्या उदाहरणात मदत पुतळ्याला मिळाली होती, आणि पुतळ्याला मिंधेपणा वाटत नाही. प्रश्नातील मुलीला तो वाटला. जाहिरातीत काम करणाऱ्या कलाकाराशी कंपनी करार करते, त्याला मोबदला देते, आणि काम पसंत नसेल तर तो नाही म्हणू शकतो. दप्तराची गरज असलेल्या मुलाकडून तेच काम करून घेतले जाते, पण त्याला दान म्हटले जाते. शिवाय उपकाराचे ओझे त्याच्याच डोक्यावर राहते. माझा खरा आक्षेप या अदलाबदलीला आहे.

काही वेळा तर मोफत वस्तू हीच विक्रीची पहिली पायरी असते. बाळंतिणीला बाळासाठी दुधाच्या भुकटीचा मोफत नमुना दिला, की अंगावर पाजणे कमी होते, पाजणे कमी झाले की आईचे दूध आटते, आणि नमुना संपल्यावर भुकटी विकत घेण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. म्हणूनच १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत मातांना असे नमुने देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. दप्तराने असे नुकसान होत नाही, हे मान्य आहे. पण मोफत म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीत धरू नये एवढेच मला सुचवायचे आहे.

प्रतिसाद ३

गाजावाजावर होणारा खर्चही पाहायला हवा. फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने १९९९ मध्ये सुमारे साडेसात कोटी डॉलर दानधर्मावर खर्च केले आणि त्या दानाचा डांगोरा पिटण्यासाठी सुमारे दहा कोटी डॉलर. जिथे सांगण्याचा खर्च देण्याहून अधिक होतो, तिथे ती रक्कम जाहिरातीच्या खात्यात धरावी, असे मला वाटते.

आपल्या बाबतीत मात्र थेट नकार देण्याआधी अटी बदलून मागाव्यात. कंपनीने किती दप्तरे दिली आणि त्यावर किती खर्च केला, हे तिने आपल्या नावानिशी खुशाल प्रसिद्ध करावे. तो तिचा हक्क आहे. वाटप मात्र नेहमीच्या वर्गात, कॅमेऱ्याविना, शिक्षकांच्या हातून व्हावे. दप्तरावरचे नाव आतल्या बाजूला असावे, कारण बाहेर असेल तर मूल वर्षभर जाहिरात पाठीवर वागवत फिरते, आणि हा मुद्दा चित्रीकरणाच्या गडबडीत हमखास निसटतो. पालकांच्या संमतीवर भिस्त ठेवू नये. वस्तू समोर ठेवून मागितलेली संमती मोकळ्या मनाने दिलेली नसते. हे सारे लेखी असावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाव आतल्या बाजूला छापण्याचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. कार्यकारिणीपुढे मी याच अटी ठेवणार आहे. पहिल्या प्रतिसादातील प्रश्नही रास्त आहे, त्यामुळे केवळ नकार देऊन मोकळे होणे मला पटत नाही. कंपनीने अटी अमान्य केल्या, तर दप्तरांसाठी सभासदांकडून वर्गणी काढण्याचा प्रस्ताव त्याच बैठकीत मांडीन.