रिव्हर्सने पार्किंगमध्ये घालताना मागचं दार खांबाला लागतंय – मदत हवी आहे

आंबोळी
बेळगावच्या अनगोळमधल्या अपार्टमेंटमध्ये आमचं स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) आहे, जागा दोन खांबांच्या मधली. मी गाडी रिव्हर्सनेच घालते, कारण सकाळी शाळेच्या वेळेला रिक्षा आणि सायकलींच्या गर्दीत मागे मागे रस्त्यावर निघणं मला धोक्याचं वाटतं. पण आत घेताना डाव्या बाजूचं मागचं दार खांबाला लागतं, पत्र्यावर ओरखडा आलाय. शिवाय तळमजल्यावरचे काका म्हणतात, धूर स्वयंपाकघरात येतो, गाडी पुढून घाला. रविवारी मीटिंग आहे आणि "सर्वांनी गाड्या पुढूनच लावाव्यात" असा ठराव येणार आहे. मागून लावणं बरोबर की चूक, आणि खांबाचं काय करायचं, तेवढं लवकर सांगा. सेन्सर बसवा असं सांगू नका, आहेत.

डिझेलअण्णा
कोणती गाडी? खांबाखांबात अंतर किती? तुमच्या जागेच्या तोंडापासून समोरच्या भिंतीपर्यंत किती? जागा गाडीच्या डाव्या हाताला येतेय की उजव्या? यातलं काहीच लिहिलं नाही दादा, मग सांगायचं कसं?

निपाणीकर
पुढूनच घाला आणि मोकळे व्हा. डिकी बाहेरच्या बाजूला राहते, बाजाराच्या पिशव्या, गॅस सिलिंडर काढायला बरं पडतं. धुराची तक्रारही मिटली.

आरसा
निपाणीकर, डिकीची सोय खरी, पण ती अडचण दोन मिनिटांची. पुढून घातलेली गाडी बाहेर काढताना ड्रायव्हर गाडीच्या मागच्या टोकापासून लांब बसलेला आणि गाडीचा सगळा मागचा भाग आधी वाहत्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना खांब असले की अर्धी गाडी बाहेर आल्याशिवाय डावं-उजवं दिसत नाही. रिव्हर्सने घातली तर मागे जाण्याचं काम बंदिस्त जागेत होतं, आणि त्या जागेसमोरून आपण नुकतेच गेलेलो असल्यामुळे आत काय आहे ते बघितलेलं असतं. बाहेर पडताना तोंड रस्त्याकडे.

दुसरं कारण चाकांचं. वळतात फक्त पुढची चाकं. मागे जाताना मागची चाकं जवळपास एका जागी फिरतात आणि तोंड बाहेर झुलतं, म्हणून अरुंद जागेत गाडी मागून बसते. पुढून घालताना मागचं आतलं चाक कोपरा कापतं आणि मागचं दार खांबावर जातं. समोर जागा कमी असेल तर पुढून घालणं उलट अवघड.

खानापूरकर
गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगची आहे का? कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. आधी कोल्हापूर आरटीओकडून ना हरकत, मग इथे नोंदणी आणि टॅक्स. बेळगावात पुष्कळ जण विसरतात.

आंबोळी
खानापूरकर, गाडी केए-२२ (बेळगाव) आहे आणि हे कुणी विचारलं नव्हतं. अण्णा, मी दादा नाही, ताई. स्विफ्ट आहे. खांबांत अडीच मीटर असेल. जागा डाव्या हाताला येते. समोर भरपूर जागा आहे.

डिझेलअण्णा
माफ करा ताई. पण "असेल" आणि "भरपूर" चालत नाही, टेप लावून मोजा की. आणि खांबाच्या कडेपासून गाडी किती लांब ठेवून तुम्ही स्टिअरिंग फिरवता, तेही बघा.

घाटउतार
कॅमेरा बसवून घ्या. सेन्सर पातळ गजाला, साखळीला, बंपरच्या खाली असलेल्या दगडाला ओरडत नाहीत.

आरसा
कॅमेऱ्याला बाजूचा खांब दिसत नाही, तो सरळ मागचं दाखवतो. यांचं दार घासतंय, बंपर नाही. शिवाय जूनपासून पुढे पाऊस लागला की लेन्सवर थेंब आणि लाल चिखल बसतो, रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रवासी गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, ते चांगलंच झालं, पण तेही बंपरमध्येच बसतात. या कामाला आरसेच. डावा आरसा एवढा खाली करा की मागचं चाक आणि जमीन दिसली पाहिजे. आत गेल्यावर परत वर. डाव्या आरशाची काच बाहेर फुगीर असते, त्यात खांब असतो त्यापेक्षा लांब दिसतो.

आंबोळी
मोजलं. खांबांत आतून २.५ मीटर. जागेच्या तोंडापासून समोरच्या भिंतीपर्यंत ५.२ मीटर. मी खांबापासून अर्धा मीटर ठेवते, कारण समोर भिंतीला स्कूटरी उभ्या असतात.

डिझेलअण्णा
सापडलं. स्कूटरी कशा उभ्या आहेत? भिंतीला तोंड लावून आडव्या ओळीत?

आंबोळी
हो, भिंतीकडे तोंड करून.

डिझेलअण्णा
मग हिशोब बघा. स्कूटर पावणेदोन मीटरपेक्षा थोडी जास्तच लांब. ५.२ मधून १.८५ गेले, उरले साधारण ३.३५. स्विफ्टची रुंदी आरसे सोडून १.७३५ मीटर. म्हणजे स्कूटरी वाचवायच्या म्हणून तुम्ही खांबाला चिकटून चालवता, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

स्विफ्टची वळणाची त्रिज्या ४.८ मीटर आहे. पूर्ण वळवून मागे घेतली की मागच्या अ‍ॅक्सलचा (मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याचा) मधला बिंदू साधारण ३.४ मीटर त्रिज्येने फिरतो. खांबाच्या सगळ्यात जवळ येतो तो आतल्या मागच्या चाकाजवळचा पत्रा, म्हणजे तुमचं मागचं दार. ते खांबातून सुटायला गाडी आणि खांबांची ओळ यांत निदान १.२ मीटर अंतर लागतं, दीड असेल तर निवांत. अर्ध्या मीटरवरून एका दमात घेतली तर कोणाचंही दार लागणार.

आता पलीकडची बाजू. मागे वळताना पुढचा उजवा कोपरा बाहेर साधारण एक मीटर फेकला जातो. १.२ चं अंतर, गाडीची रुंदी, वर हा एक मीटर, मिळून चार मीटर लागतात. स्कूटरी भिंतीला समांतर लावल्या तर हँडलपाशी सत्तर सेंटिमीटर जातात आणि ४.५ मीटर मोकळं राहतं. तेवढ्यात एका दमात बसते. म्हणून रविवारी ठराव स्कूटरींचा मांडा.

निपाणीकर
सहा स्कूटरी समांतर लावल्या तर लांबी किती जाईल, त्याचा विचार केला का? अकरा मीटर भिंत कुठून आणायची? एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढून घालणं सोपं.

डिझेलअण्णा
पुढून घालायलाही ३.३५ मीटर पुरत नाहीत हो. मागचं चाक कोपरा कापणारच, तेव्हा स्कूटरी हलवाव्या लागणार दोन्हीकडे. आणि सगळी भिंत नको, ताईंच्या जागेसमोर आणि तिच्यापुढे जिथे तोंड झुलतं तेवढाच पट्टा मोकळा हवा. बाकीच्या आहेत तशा राहू द्या.

आंबोळी
स्कूटरी हलेपर्यंत काय करू? आणि नक्की कधी वळवायचं?

आरसा
आधी एका दमातली रीत, स्कूटरी हलल्यावरची. जागेच्या पुढे जा, डावा इंडिकेटर आधीपासून चालू. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, त्यात कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. खांबांच्या ओळीपासून सव्वा मीटर राखा. मागचं चाक जवळच्या खांबाच्या पुढे साधारण दोन मीटर गेलं की थांबा. हा दोन मीटरचा बिंदू एकदा टेपने मोजा आणि बाजूच्या भिंतीवर रंगाची पट्टी ओढा, ती ड्रायव्हरच्या खिडकीसमोर कुठे येते ते लक्षात ठेवा. मग रिव्हर्स टाका, दोन्ही बाजू आणि मागे बघा, गाडी किंचित हलू लागली की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. उभ्या गाडीवर स्टिअरिंग पिळू नका, टायर आणि स्टिअरिंगची मोटर दोन्हीला त्रास. डाव्या आरशात खांब आणि दार यांत फट दिसली पाहिजे. गाडी खांबांना समांतर झाली की स्टिअरिंग सरळ.

सध्याच्या अडचणीत दोन दमांत घ्या. दार खांबापासून वीतभर राहिलं की थांबा. पहिला गिअर, स्टिअरिंग उजवीकडे, अर्धा-एक मीटर पुढे. गाडी त्याच दिशेला आणखी वळते आणि दार खांबापासून सुटतं. पुन्हा रिव्हर्स, स्टिअरिंग डावीकडे. कुणी मागे हॉर्न वाजवला तरी ही मधली चाल सोडू नका.

आत गेल्यावर गाडी नेमकी मधोमध लावू नका. उजवीकडे पन्नास, डावीकडे पंचवीस सेंटिमीटर ठेवा, नाहीतर तुमचं दार उघडणार नाही.

घाटउतार
वॉचमनला मागे उभं केलं तर?

आरसा
उभं करा, पण मागे नाही. भिंत आणि गाडीच्या मध्ये माणूस कधीच नको. उजवीकडे मागच्या कोपऱ्यापाशी, तुमच्या उजव्या आरशात सतत दिसेल असा. आरशातून गेला की तुम्ही ब्रेक. "बर्री बर्री" (कन्नडमध्ये "या, या") ओरडत राहतात, ते बंद काचेत ऐकू येत नाही, आणि थांब म्हणेपर्यंत उशीर होतो. हात वर म्हणजे थांबा, एवढी एकच खूण ठरवा. लहान मूल पार्किंगमध्ये असेल तर आधी त्याचा हात कुणीतरी धरलेला असू दे, मगच गाडीत बसा.

खानापूरकर
ऑटोमॅटिक असेल तर मागे घेताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नये. सपाटीवर ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते. एएमटी (क्लच-गिअर यंत्रानेच बदलणारी साधी ऑटोमॅटिक) रॅम्पवर घसरू शकते, तिथे हँडब्रेक धरून सोडा. आणि आमच्याकडच्या पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला की मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. सपाटीवर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा.

आंबोळी
ताईची गाडी ऑटोमॅटिक नाही, पण ठोकळ्याचं चांगलं सांगितलंत. आता धुराचं.

डिझेलअण्णा
काकांची तक्रार खोटी नाही ताई. थंड इंजिन चालू होताना मिश्रणात पेट्रोल जास्त असतं, वास त्याचाच. गाडी रिव्हर्सने लावली की सायलेन्सरचं तोंड त्यांच्या खिडकीकडे. म्हणून चालू करून उभी ठेवू नका. बेल्ट, आरसे, फोन सगळं आधी, मग स्टार्ट, वीस-तीस सेकंदांत हलवा. नव्या इंजिनला उभं राहून गरम करायची गरज नाही, चालताना हळू चालवली की पुरे. संध्याकाळी आत गेल्याबरोबर बंद. खिडकी अगदी सायलेन्सरसमोर असेल तर त्या एका जागेपुरती वेगळी व्यवस्था करा, सगळ्यांना पुढून लावायला लावून काय मिळणार?

निपाणीकर
एक सांगतो, सगळीकडे रिव्हर्सचा आग्रह धरू नका. रस्त्याकडेच्या तिरक्या जागा असतात ना, त्यात पुढूनच जायचं. त्या रहदारीच्या दिशेने आत जाण्यासाठी आखलेल्या असतात. तिथे रिव्हर्स घ्यायला गेलं की गाडी उलट्या दिशेला तोंड करून बसते. आणि खडे बाजारसारख्या गर्दीत इंडिकेटर देऊन थांबलेल्याच्या मागे एक गाडीची जागा सोडा. तो जागेच्या पुढे गेलाय म्हणून मागून नाक घालून त्याची जागा घेऊ नका. तिथे भांडणं होतात ती याच्यावरून.

आरसा
तिरक्या जागांबद्दल पूर्ण सहमत. आणि मीटिंगसाठी एक मुद्दा: मागे घेऊन उजव्या किंवा डाव्या बाजूच्या मर्यादित जागेत गाडी नीट घालणं हे लायसन्सच्या परीक्षेतच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १५ मध्ये. म्हणजे ती काही हौस नाही, प्रत्येक ड्रायव्हरला यायलाच हवी अशी गोष्ट आहे. "पुढूनच" असा ठराव केला तर सगळे रोज सकाळी शाळेच्या गर्दीत मागे मागे निघणार, हे तिथे सांगा.

आंबोळी
छान. ठराव असा मांडते: माझ्या जागेसमोरच्या स्कूटरी भिंतीला समांतर, गाडी चालू करून उभी ठेवायची नाही, लावायची पुढून की मागून ते ज्याचं त्याने ठरवावं. शेवटचा प्रश्न, मागच्या भिंतीला बंपर लागू नये म्हणून रबरी स्टॉपर बसवायचाय. भिंतीपासून किती?

डिझेलअण्णा
आकडा कुणाकडून घेऊ नका, गाडी लावून काढा. बंपर भिंतीपासून तीस सेंटिमीटर राहील अशी लावा, मागच्या टायरच्या भिंतीकडच्या कडेला खडूची रेघ मारा, रेघेला चिकटून भिंतीच्या बाजूला स्टॉपर. स्विफ्टला हे भिंतीपासून साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरवर येईल. उंची दहा सेंटिमीटरच्या वर नको. पुढे कधी दारावर स्टेपनी असलेली गाडी घेतली तर परत मोजा. स्टेपनी बंपरच्या मागे येते, सेन्सर खाली असतात, आणि भिंतीला आधी स्टेपनी लागते.