हेड आरशासारखं घासून घ्या म्हणे!

जुना_टॅपेट:
वेगवेडा यांचा सल्ला: "हेडचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) दोन्ही पोर्ट, म्हणजे हवा आत येण्याची वाट (इनटेक) आणि धूर बाहेर जाण्याची (एक्झॉस्ट), आरशासारखे पॉलिश करा, इनटेक जमेल तेवढा मोठा करा, हेड खालच्या बाजूने १ मिमी घासा. ताकद वाढणारच. कंपन्या मुद्दाम गाडी गुदमरवून विकतात. माझं हेड तयार आहे, रविवारी बसवतोय."

म्हणजे गाडी अजून चालवलेली नाही, पण प्रवचन सुरू! पोर्ट मोठा केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क (ओढ) जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीत गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब ओघळतात, थोडा खरखरीतपणा तिथे बरा. मी तीन रात्री जागून १५० सीसीच्या हेडचे पोर्ट असेच घासले होते. ७००० च्या वर गाडी पळायची, ४००० च्या खाली मात्र मेल्यासारखी. मागे बायको बसली की चढावर पहिला गिअर! महिनाभर टोमणे ऐकले.

आणि १ मिमी? ५७ मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) त्याचे अडीच सीसी होतात. १५० सीसीला ९.५ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) असेल तर चेंबर, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा, साधारण १७.६ सीसीचा, तो १५ वर येईल. कॉम्प्रेशन थेट ११ च्या घरात. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकत बसा.

वेगवेडा:
कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बदललं होतं का काका? हवा वाढवायची, पेट्रोल तेवढंच ठेवायचं आणि दोष पोर्टला द्यायचा!

जुना_टॅपेट:
नव्हतं बदललं. झालं समाधान? बदललं असतं तरी खालचा टॉर्क परत आला नसता. आणि गुदमरवण्याचं म्हणाल, तर ट्रायम्फने १९२० च्या दशकातच हॅरी रिकार्डोकडून चार व्हॉल्व्हचं हेड करून घेतलं होतं. हेडवर डोकं लावणारे लोक कंपन्यांतही असतात.

खडखड्या:
पोर्टचं राहू द्या, हेडचे बोल्ट कशाने आवळता ते सांगा. आमचा मेकॅनिक म्हणायचा, "हाताला कळतं." एकदा त्याच्या हाताला जरा जास्तच कळलं आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसकट बाहेर आले. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरालाच 'कट्' वाजणारा पाना) नसलेल्याने हेडला हात लावू नये.

हात_सलामत:
पंचवीस वर्षं साध्या पान्याने आवळतोय, एक गास्केट (हेडखालची सीलची पट्टी) गळलेलं नाही. रेंचवाल्यांनाच आधी विचारा, आटे कोरडे होते की तेल लावलेले? तेलकट आट्यांवर कोरड्याचा आकडा लावला की बोल्ट नको तेवढा ताणला जातो. रेंच बापडा 'कट्' म्हणतो आणि तुम्ही खूश.

खडखड्या:
मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते. वाचायची सवय हवी.

हात_सलामत:
तुमच्या मेकॅनिकला ती सवय नव्हती, तो राग माझ्यावर काढू नका.

खडखड्या:
बरं, तेलाचा मुद्दा मान्य. पण पंचवीस वर्षांत एकही गळलं नाही? इथे सगळे हेच सांगतात. गळलेली गिऱ्हाईकं दुसरीकडे जात असतील.

हात_सलामत:
या एकदा, समोर आवळून दाखवतो. रेंच तुम्हीच आणा.

जुना_टॅपेट:
तुमचं चालू द्या. वेगवेडा, हेड घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात हे ठाऊक आहे ना? शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चेनवर असेल तर टायमिंगही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, थोडं मागे पडतं. पिस्टनवर प्लॅस्टिसिनची चकती ठेवा, हेड बसवून क्रँक हाताने दोनदा फिरवा. स्टार्टर मारू नका.

वेगवेडा:
ते मला माहीत होतं.

वेगवेडा (सोमवारी):
मुलाच्या खेळण्यांतून प्लॅस्टिसिन घेतलं. इनटेक व्हॉल्व्हच्या ठशात ते पोस्टकार्डाएवढं पातळ उरलंय. जाड गास्केट शोधतोय. '१ मिमी घासा' हे वाक्य काढून टाकलंय, आता आनंद साजरा करा. इनटेक खरखरीत करायला ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवीनही एखादे वेळी. एक्झॉस्ट मात्र आरसाच राहणार.

जुना_टॅपेट:
एक्झॉस्टला कोण नाही म्हणालं? तिथे आरसा चालतो, कार्बन कमी धरतो. माझा मूळ प्रतिसाद पूर्ण वाचला असता तर... असो, त्यात मी हे लिहायचं राहिलंच होतं.