बाकानोरा ७७ वर्षं बंद का होती? आणि ती टकीला का नाही?

रंकाळ्याकाठचा:
मंडळी एक शंका आहे, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. माझा मावसभाऊ जहाजावर असतो, यंदा गणपतीला आला तेव्हा मेक्सिकोची एक बाटली घेऊन आला, लेबलवर बाकानोरा लिहिलंय. मी म्हटलं टकीलाच असणार, तर म्हणतो टकीला नाही, मेझकालपण नाही, आणि ही दारू तिकडं ७७ वर्षं बंद होती म्हणे. बूच काढलं तर पहिला धुराचाच वास, चुलीतल्या रताळ्यासारखा. घायपातापासून करतात एवढं कळलं. आमच्या बांधावरपण घायपात आहे, आजोबा त्याच्या वाखाची चऱ्हाटं वळायचे. तर या तिन्हीत फरक काय, बंदी कुणी घातली, आणि आपल्या घायपाताची होईल का?

आंबोलीमार्गे:
भाऊ बरोबर सांगतोय. कूळ एकच, पण नावं कायद्यानं बांधलेली आहेत. टकीलाच्या नावाला १९७४ ला संरक्षण मिळालं, ती फक्त निळ्या अगावेची (अगावे म्हणजे आपल्या घायपाताचंच कूळ), आणि साध्या टकीलात अगावेची साखर ५१ टक्के असली तरी चालतं, बाकी उसाची घाला. मेझकालला १९९४ ला मिळालं पण त्या यादीत सोनोरा राज्य नव्हतं, आणि बाकानोरा सोनोराची. बाकानोरा हे तिथल्या एका गावाचंच नाव.

करतात कशी तर, अगावेला फुलोऱ्याचा दांडा यायला लागला की तो छाटतात म्हणजे साखर खाली गड्ड्यातच राहते. मग पानं तासून गड्डा काढायचा, दिसतो अगदी मोठ्या अननसासारखा, आणि दगड लावलेल्या खड्ड्यात मेस्कितेच्या निखाऱ्यावर माती लोटून भाजायचा. मेस्किते म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच घरातलं झाड. तुला आलेला धूर तो हाच बघ. पुढं कुटून आंबवतात आणि दोनदा गाळतात.

बंदी १९१५ ची. क्रांतीची धामधूम होती, प्लुतार्को एलियास काय्येस तेव्हा सोनोराचे गव्हर्नर होते, त्यांनी दारूबंदी केली. हेच पुढं १९२४ ला मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. दारू काढणाऱ्यांना झाडाला लटकवल्याच्या गोष्टी तिकडं सांगतात. पण लोकांनी काय सोडली नाही, डोंगरात पाण्याच्या झऱ्याजवळ लपून भट्ट्या लावायचे आणि बाप पोराला शिकवायचा. बंदी उठली १९९२ ला. तेवढ्या काळात टकीला जगभर पोचली आणि हिचं नाव राज्याबाहेर कुणाला माहीत नाही, मला ही गोष्ट फार लागते.

गुऱ्हाळवाला शिरोळ:
मी दारू पीत नाही पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडं काहिलीत रस उकळताना मळी काढायची, भेंडीचं पाणी घालायचं आणि पाक आला की नाही हे गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, थर्मामीटर नसतो. तिकडचे मेझकालवालेपण गाळलेली दारू वाटीत वरनं धार धरून ओततात आणि बुडबुडे किती आणि किती वेळ टिकतात त्यावरनं कडक किती ते सांगतात असं वाचलं होतं. एकाच जातीचं ज्ञान आहे हे, कागदावर नसतंय.

म्हणूनच नावाला कायदा पाहिजे असं माझं ठाम मत आहे. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्यानं साखर मारलेला गूळ कोल्हापुरी म्हणून माझ्याच पाहुण्यांना विकला, ढेप फोडल्यावर कळलं. बाकानोराला असं नावाचं संरक्षण मिळालंय का?

आंबोलीमार्गे:
हो दादा, नोव्हेंबर २००० ला मिळालं. सोनोरातल्या ३५ तालुक्यांएवढ्या भागांतच केलेली पाहिजे आणि एकाच जातीच्या अगावेची, आंगुस्तिफोलिया, ती पण शंभर टक्के. म्हणजे टकीलापेक्षा कडक नियम, हे मला पटतं. पण रेषा ओढली की कुणीतरी बाहेर राहतोच, रेषेपलीकडच्या डोंगरातल्या माणसानं तीच दारू तशीच काढली तरी बाकानोरा म्हणायचं नाही. गोव्यातपण बघा, २००९ ला फेणीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, मिळाला तो काजूच्या, माडाची फेणी राहिली बाहेर, आणि ती पण तितकीच जुनी.

पन्हाळा पायथा:
यात एक राहिलं, वटवाघळं. अगावेची फुलं रात्री उमलतात आणि लांब नाकाची वटवाघळं त्यावर जगतात, परागीभवन पण तीच करतात. दांडा छाटला की फूल नाही, फूल नाही तर बी नाही. आणि बाकानोराचं बरंचसं अगावे रानातनं तोडलेलं असतं, तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात, त्यामुळं मागणी वाढली की डोंगर उघडा पडतो. काही झाडं फुलायला सोडायची सक्तीच पाहिजे, माझ्या मते शंभर टक्के अगावेच्या नियमापेक्षा हा नियम जास्त महत्त्वाचा.

आणि रंकाळ्याकाठच्या भावा, बांधावरच्या घायपाताला हात लावू नको. पानाचा रस अंगाला लागला की भयानक खाज सुटते, चऱ्हाटं वळणाऱ्या आजोबांना हे चांगलं माहीत असणार. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं लायसनशिवाय घरी गाळणं गुन्हा आहे. दख्खनच्या अगावेची दारू रीतसर काढून डेस्मंडजी नावानं २०११ पासून विकतात, त्यांना पण टकीला म्हणता येत नाही.

रंकाळ्याकाठचा:
आभारी आहे सगळ्यांचा. गुऱ्हाळवाले दादा, तुमचं गुऱ्हाळ कधी पेटतंय? मावसभाऊ दिवाळीपर्यंत इथंच आहे, त्याला गोळी कशी बघतात ते दाखवायचंय.

गुऱ्हाळवाला शिरोळ:
दसरा झाला की या, पहाटे या. पहिली काहील चारलाच चढते.