शाळकरी मुलं आणि ई-कचरा : तुमचे अनुभव लिहा

सुप्रभा
लेकीच्या नववीच्या प्रकल्पासाठी खण उपसला, तर माझा बटणांचा पहिला फोन निघाला. कॉलेजचे दिवसच डोळ्यांपुढे आले. असो. ओला-सुका कचरा तिच्या वर्गाला तोंडपाठ. पण बिघडलेला इअरफोन कुठे टाकायचा? "सुक्यात!" तुमच्याकडच्या हायस्कूलवाल्यांची काय तऱ्हा?

खडूफळा
पारा, शिसं, कॅडमियम, दुष्परिणाम... पेपरात पैकीच्या पैकी. दप्तरात मेलेली पॉवरबँक. चार्जरवर फुली मारलेला कचऱ्याचा डबा छापलेला असतो, त्याचा अर्थ विचारला. उत्तर : "सर, चार्जर डब्यापाशी लावू नका."

अवलिया
😂😂 द्या त्याला पैकीच्या पैकी.
सुप्रभा, फोनमध्ये सापाचा खेळ आहे का अजून?

सुप्रभा
चार्जर कुठंय! बारीक पिनचा होता.

मीनल_क
माझ्याकडे तसले चार्जर आहेत, फोन नाहीत.

रानवारा
आमच्या चिरंजीवांच्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. काल साहेब टाचणीने हवा काढायला बसले होते!!

खडूफळा
बाप रे. लिथियमची असते ती, टोचली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते. चार्जिंगला लावू नका, घरच्या कचऱ्यात तर नकोच. कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागतात अशाने. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मीनल_क
पुतण्या तांब्यासाठी वायरी जाळत होता, मित्राने शिकवलं म्हणे. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असतं हे त्याला पाठ आहे हं! दूध उतू चाललंय, येते.

अवलिया
टोकियो ऑलिंपिकची पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंची होती. ६२ लाखांच्या आसपास फोन जमले होते. भाचीला सांगितलं तर म्हणते, "माझा पण देऊन टाकू, नवा कधी आणायचा?"

गुंजन
एरवी नुसतं वाचते. अकरावीत आहे. आमचे जुने फोन पडून राहतात ते फोटो नि चॅटमुळे. कुणाच्या हाती लागले तर? मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा, मग द्या, हे कुणी शिकवतच नाही. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, ते मात्र प्रत्येक पोस्टरवर.

खडूफळा
पटलं. सोमवारी वर्गात रीसेटच करून दाखवतो.

रानवारा
मग हा फुगलेला आधी चार्ज करून रीसेट मारू का?

खडूफळा
नको हो!!