'घरच्यासारखी'मधलं 'सारखी'

प्रश्न : सांगलीत गावभागात आमच्या आईकडे एक मावशी ३१ वर्षं धुणंभांडी आणि वरकाम करतात. आल्यागेल्याला आई सांगते, "आमच्या घरच्यासारख्याच आहेत." यंदा धाकटीच्या लग्नाला आहेराची वही करायला बसलो. घरचे, भावकी, आजोळ, व्याही अशी पानं पडली आणि मावशींच्या नावापाशी आईचं पेन थांबलं. शेवटी ते 'इतर'मध्ये गेलं, आचारी आणि मांडववाल्याच्या खाली. याच धाकटीच्या वेळी आईच्या बाळंतपणात तिला न्हाऊमाखू त्यांनी घातलं होतं. वही झाली तेव्हापासून 'घरच्यासारख्या' हा शब्द मला टोचतोय. त्याचा अर्थ नेमका काय धरायचा?

प्रतिसाद : 'सारखं' म्हणायला मुळात दोन गोष्टी वेगळ्या असाव्या लागतात. सोन्यासारखं पिवळं म्हणजे सोनं नव्हे. जी घरचीच आहे तिला 'घरच्यासारखी' म्हणायची वेळ येत नाही. (सुनेला 'लेकीसारखी' म्हणतात तिथंही हाच पेच.)

मला 'मोलकरीण' हा शब्द जास्त सरळ वाटतो. मोल घेऊन काम करणारा तो मोलकरी, त्याचं हे स्त्रीलिंग. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी, बटकी म्हणजे गुलाम बायका येतात. तिथं मोल बाईचंच व्हायचं. मोलकरणीच्या बाबतीत मोल बाईला मिळतं. हा फरक लहान नाही. पण आता हा शब्द तोंडावर म्हणायची लाज वाटते, म्हणून 'मावशी' आलं. नातं लावलं की त्या बाईची पगार वाढवून मागायला जीभ रेटत नाही. खाडा मात्र धरला जातो. सख्ख्या मावशीचा खाडा कोण धरतं?

महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याच्या नावात 'घरेलू कामगार' आहे. 'घरेलू' हिंदी वळणाचं, कानाला खटकतं, 'घरकामगार' बरं. पण 'कामगार' म्हटल्यावर सुट्टी हक्कानं मागता येते, म्हणून मी तोच वापरतो.

प्रतिसाद २ : आमच्या साताऱ्याकडं 'आमच्यात' म्हणजे आमच्या घरी. "आमच्यात जेवायला या" म्हणतात, तसंच "त्या आमच्यात कामाला हायत". दोन्ही शब्द शेजारी बसतात, 'सारखं' लागत नाही.

प्रश्नकर्ती : 'आमच्यात कामाला' पटलं. २०१९ च्या पुरात आमचा देव्हारा माडीवर मावशींनी नेला आणि पाणी उतरल्यावर स्वतःच्या घराआधी आमच्या घरातला गाळ उपसला. त्या दिवसांचा पगार वेगळा द्यायचा असतो हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही, घरच्यासारख्या ना त्या. काल आईनं त्यांना वही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "नाव हाय तिथंच ऱ्हाऊ द्या वहिनी, पातळ तेवढं हिरवं घ्या." आई बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसली होती. पुराच्या त्या दिवसांचा हिशेब मी आज करायला घेतलाय.